चढावर तापल्यावर बंद पडणारी गाडी आणि घरी बदललेला क्रँक सेन्सर

वेण्णाकाठ (सातारा)

नमस्कार मंडळी,

माझी गाडी तीन महिने अधूनमधून रस्त्यात बंद पडत होती आणि त्याचे कारण शेवटी अंगठ्याएवढ्या एका सेन्सरमध्ये निघाले. तो सेन्सर मी गेल्या रविवारी अंगणातच बदलला. बदलायला जेमतेम पाऊण तास लागला, पण तोच बिघडला आहे हे कळेपर्यंत अकरा हजार रुपये खर्ची पडले आणि उन्हाळा संपत आला. म्हणून या धाग्यात बदलण्यापेक्षा ओळखण्याबद्दल जास्त लिहिणार आहे.

गाडी २०१३ ची, चार सिलिंडरची, लहान, पेट्रोलवर चालणारी आहे आणि तिचे १ लाख १८ हजार किलोमीटर झाले आहेत. मार्चच्या अखेरीस पुण्याहून परत येताना खंबाटकीच्या चढावर, ट्रकांच्या रांगेमागे तिसऱ्या गिअरमध्ये असताना, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा एकदम शून्यावर पडला आणि इंजिन बंद झाले. आचका नाही, मिसिंग नाही. कोणीतरी चावी फिरवून काढून घ्यावी तसे ते शांत झाले. मागच्या सीटवर आई होती. धोक्याचे दिवे लावले, गाडी डाव्या कडेला घेतली, मागच्या चाकाला दगड लावला आणि सेल्फ मारून पाहिला. सेल्फ नेहमीच्या जोरात फिरत होता, पण इंजिन पेट घेत नव्हते. पंचवीस मिनिटांनी, म्हणजे बोनेटवर हात ठेवता येऊ लागल्यावर, पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली आणि सातारा येईपर्यंत तिने काहीही तक्रार केली नाही.

पुढच्या महिन्यात हेच यवतेश्वरच्या घाटात झाले आणि त्यानंतर भर दुपारी पोवई नाक्यावर, एसी चालू ठेवून थांबलेलो असताना झाले.

गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तेव्हा योगायोगाने ती त्यांच्या दारातच बंद पडली. त्यांनी पेट्रोलचा दाब पाहिला. सेल्फ मारताना दाब येत नव्हता. साहजिकच पंप गेला असा निष्कर्ष निघाला आणि ६,२०० रुपयांना नवा पंप बसला. बारा दिवस गाडी उत्तम चालली, कारण त्या दिवसांत वळिवाचे पाऊस झाले होते आणि मी गावाबाहेर गेलोच नव्हतो. तेराव्या दिवशी ती पुन्हा थांबली. मग ४,८०० रुपयांत प्लग आणि कॉइल बदलून झाले आणि पुढच्या आठवड्यात परत तेच.

त्यानंतर मी घरी बसून वायरिंगचा नकाशा नीट वाचला आणि पहिली चूक कशी झाली ते लक्षात आले. चावी दिल्यावर पेट्रोल पंप साधारण दोन सेकंद चालून थांबतो. त्यानंतर क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, फिरत असल्याचा संकेत ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) मिळाला, तरच तो पंपाचा रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) पुन्हा जोडतो. अपघातात इंजिन बंद पडल्यावर पंप पेट्रोल ओतत राहू नये, यासाठी ही व्यवस्था केलेली असते. याचा अर्थ असा की क्रँक सेन्सरने संकेत देणे थांबवले, तर पंप निरोगी असूनही दाब येणार नाही, आणि ठिणगीही पडणार नाही. आमच्याकडे दाब पाहिला गेला, तो नाही हेही खरे होते, पण तो का नाही हा पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. त्यात मीही आलो.

क्रँक सेन्सरचे काम थोडक्यात सांगतो. क्रँकबरोबर एक दातेरी चक्र फिरते. पुष्कळ इंजिनांत त्यावर ६० दातांची जागा असते आणि २ दात मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे ५८ दात आणि एक फट. सेन्सर या दातांसमोर मिलिमीटरभर अंतरावर बसतो आणि प्रत्येक दातागणिक एक ठोका पाठवतो. एक दात म्हणजे क्रँकचे ६ अंश, आणि ती फट म्हणजे मोजणी सुरू करण्याची खूण. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर इंजिन नुसते चालू असले, तरी सेकंदाला सुमारे ७७० ठोके जातात. पेट्रोल कधी फवारायचे आणि ठिणगी कधी टाकायची हे ईसीयू त्यावरून ठरवतो.

माझ्या गाडीतला सेन्सर दोन तारांचा आहे, म्हणजे आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. ती तार आत कुठे तुटली, तर थंड असताना तिची टोके एकमेकांना टेकून राहतात आणि तापल्यावर प्रसरणाने दूर होतात. चढावर बंद पडणे आणि थंड झाल्यावर सुरू होणे, हे सगळे त्यात बसत होते. पण बसते आहे म्हणून विकत आणायचे नाही, असे या वेळी ठरवले होते.

सेन्सर काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, मल्टिमीटरच्या दोन्ही पिना मगरचिमट्यांनी त्याच्या टोकांना लावल्या आणि मुलीचा केस वाळवायचा ड्रायर त्याच्यावर धरला. सुरुवातीला मीटर ५४० ओहम दाखवत होता. आकडा हळूहळू चढत गेला : ५६०, ५९०, ६२०. ६४० च्या आसपास तो थरथरला आणि मग मीटरवर ‘ओएल’ अशी अक्षरे आली, म्हणजे वाट पूर्ण तुटली. ड्रायर बंद करून आम्ही दोघे बघत बसलो. चार मिनिटांनी आकडा आपोआप परत आला, ६१० वर. मुलगी म्हणाली, “बाबा, हीच आपली खंबाटकी.” तिचे म्हणणे अगदी बरोबर होते.

ज्यांना असा त्रास होत असेल, त्यांनी एखादा भाग बदलण्याआधी इथे जरूर लिहावे.


मीटरवाली_कराड

वेण्णाकाठ, फार उपयुक्त लिहिले आहे. मी कराडला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे दोन गोष्टी जोडते.

पहिली गोष्ट म्हणजे, तुमच्या वर्णनातला सर्वांत मोठा पुरावा तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती, क्लच दाबलेला नव्हता आणि चाके फिरत होती. म्हणजे इंजिनाने पेट घेणे थांबवले तरी चाके क्रँकला फिरवतच होती. अशा वेळी पंप बंद पडला असता, तर फेऱ्यांचा काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला असता. क्रँक फिरत असताना काटा एकदम शून्यावर पडतो, याचा अर्थ इंजिन थांबण्याआधी मोजणाराच थांबला. गाडी बंद पडतानाच्या दोन सेकंदांत काट्याने काय केले, हे चालकाशिवाय दुसरे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून गॅरेजमध्ये जाताना ते कागदावर लिहून न्यावे.

दुसरी गोष्ट ५४० वरून ६४० वर चढलेल्या आकड्याबद्दल. नुसती चढण हा दोष नाही. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे २८ अंशांना ५४० ओहम असलेली गुंडाळी ९० अंशांना ६६५ च्या आसपास दाखवणारच. निरोगी सेन्सरही तापवल्यावर आकडा वाढवतो. तो थरथरणे, उडी मारणे किंवा वाट तुटणे, हा दोष. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आकडा वाढलेला पाहून चांगला सेन्सर फेकून देणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

स्कॅनरवर, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, काय दिसले होते?


वेण्णाकाठ (सातारा)

ताई, काट्याचा हा अर्थ माझ्या खरोखरच लक्षात आला नव्हता. तो आधी कळला असता, तर पंप वाचला असता.

स्कॅनरने सुरुवातीला काहीच दाखवले नाही, कारण प्रत्येक वेळी काम करताना बॅटरीचे टर्मिनल काढले जात होते आणि त्याबरोबर जमा झालेला कोडही पुसला जात होता. नंतर मी स्वतःचा छोटा स्कॅनर घेतला आणि स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये कायम लावून ठेवला. पुढच्या वेळी गाडी बंद पडल्यावर त्यावर पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड आला. आणखी महत्त्वाचे म्हणजे, सेल्फ मारताना चालू आकड्यांमध्ये इंजिनाच्या फेऱ्या शून्य दिसत होत्या. सेल्फ व्यवस्थित फिरत असताना हा आकडा दोनशेच्या आसपास दिसायला हवा.


गावभाग_सांगली

माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि कोड पाहताच सेन्सर आणायला निघणाऱ्यांसाठी तो सांगणे मला आवश्यक वाटते.

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात कृष्णेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले, तेव्हा गाडी हलवायला वेळच मिळाला नाही आणि ती तीन दिवस बोनेटपर्यंत पाण्यात राहिली. पाणी ओसरल्यावर इंजिन खोलून साफ केले, तेल बदलले, सीट उन्हात वाळवल्या आणि गाडी चालू झाली. पुढच्या उन्हाळ्यात तिला हाच पी०३३५ येऊ लागला. पहिला सेन्सर बदलला, महिनाभरात कोड परत आला. दुसरा बदलला, तरीही परत आला. तिसऱ्या वेळी आमच्या ओळखीच्या एका वायरमनने सेन्सरला हात न लावता त्याचा कपलर (तारा जोडणारा प्लग) सोडवून उन्हात धरला. पितळेच्या भांड्यात ताक राहिल्यावर ते जसे कळकते, तशा त्यातल्या पिना हिरव्या झाल्या होत्या. त्याने तारेवरचे वेष्टण थोडे सोलले, तर आतले तांबे वीतभर लांबीपर्यंत काळेहिरवे पडलेले होते. पुराचे पाणी केशाकर्षणाने तारेच्या आत चढून बसले होते.

तेवढी तार कापून नवी जोडली, नवा कपलर बसवला आणि तो कोड आजतागायत आलेला नाही. त्या वायरमनने जाताना सांगितले की पी०३३५ या कोडचा अर्थ क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे एवढाच असतो. सर्किटमध्ये सेन्सर येतो, कपलर येतो, तारा येतात आणि ईसीयूही येतो. सांगली, मिरज, पलूस, वाळवा या भागांत २०१९ किंवा २०२१ च्या पुरात भिजलेल्या गाड्या आजही वापरात आहेत आणि काही विकल्याही गेल्या आहेत. अशी गाडी ज्यांच्याकडे असेल, त्यांनी कोणताही सेन्सर घेण्याआधी त्याचा कपलर उघडून पाहावा.


तासगावचा_शेतकरी

आमच्या गाडीत हाच कोड उंदरांमुळे आला होता. गाडी उसाच्या फडाजवळच्या शेडमध्ये असते. तार वरून अखंड दिसत होती, पण खालच्या बाजूने कुरतडलेली होती. आरसा खाली धरल्यावर ते दिसले.


शाहूपुरी_२०१५ (सातारा)

माझ्या गाडीच्या क्रँक सेन्सरला तीन तारा आहेत. मीही असाच ओहमवर मोजू का? आणि प्रत्यक्ष काढण्याबसवण्याचे काम कसे केले, तेही सविस्तर लिहावे, कारण मला ते करून पाहायचे आहे.


मीटरवाली_कराड

शाहूपुरी, तीन तारांचा सेन्सर बहुधा हॉल पद्धतीचा असतो. त्याच्या आत गुंडाळी नसून लहानसे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, त्यामुळे ओहमच्या मापनातून काहीही कळत नाही, आणि मीटरच्या विजेने ते सर्किट खराब होण्याचीही शक्यता असते. तिथे व्होल्ट मोजायचे.

कपलर सोडवून चावी द्यावी आणि गाडीकडून येणाऱ्या बाजूला पुरवठा येतो का ते पाहावे. तो बहुतेक गाड्यांत ५ व्होल्ट असतो, काहींत १२. मग त्याच पुरवठ्याच्या आणि अर्थिंगच्या पिनेमध्ये मोजावे, म्हणजे अर्थिंगही तपासून होते. हे दोन्ही ठीक असेल, तर कपलर परत जोडून मागच्या बाजूने संकेताच्या तारेला बारीक पिन टेकवावी, गाडी न्यूट्रल करून क्रँकच्या पुलीचा नट पान्याने अगदी सावकाश फिरवावा आणि व्होल्ट वरखाली होतात का ते पाहावे. दातागणिक आकडा शून्याजवळ आणि पुन्हा वर असा बदलला पाहिजे. तो एकाच ठिकाणी अडकून राहिला, तर सेन्सरवर संशय घेण्यास जागा आहे. सेल्फला चुकूनही हात लागणार नाही याची खात्री करूनच पुलीला पाना लावावा.

दोन तारांच्या सेन्सरला मात्र बाहेरून पुरवठा लागत नाही. तो स्वतःच वीज तयार करतो, म्हणून मीटर एसी, म्हणजे प्रत्यावर्ती विजेच्या, व्होल्टवर ठेवून सेल्फ मारताना त्याच्या टोकांवर काही येते का, ते पाहता येते.


वेण्णाकाठ (सातारा)

शाहूपुरी, काम कसे केले ते लिहितो. तुमच्या गाडीत सेन्सरची जागा वेगळी असू शकते. कुठे तो पुलीपाशी असतो, कुठे गिअरबॉक्सच्या तोंडाशी फ्लायव्हीलसमोर (क्रँकच्या टोकाच्या जड चक्रासमोर). माझ्या गाडीत तो मागच्या बाजूला, सेल्फच्या मोटारीच्या वर आहे आणि वरून हात घालून पोहोचता येते. ज्यांच्या गाडीत खालून शिरावे लागते, त्यांनी नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली जाऊ नये. घोडी (गाडी पेलून धरणारा भक्कम आधार) लावलीच पाहिजे आणि चाकांना अडथळे लावलेच पाहिजेत. एवढी एक गोष्ट मी मागे लागून सांगितली असे समजा.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिले. सकाळी १० नंबरच्या पान्याने बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवून बाजूला बांधून ठेवले, कारण सेल्फची जाड तार तिथून हातभर अंतरावर आहे आणि पाना तिला टेकला तर ठिणगी उडते. नंतर कपलर. त्याची प्लॅस्टिकची खिटी दहा वर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेली असते. ती आधी दाबून, कपलर थोडा आत ढकलून, मगच बाहेर ओढायचा. तार धरून ओढणे कटाक्षाने टाळावे.

सेन्सर एकाच बोल्टवर बसलेला होता. बोल्ट १० नंबरच्या गोटी पान्याने सहज निघाला, पण सेन्सर निघेना. ओ-रिंग (सेन्सरभोवतीचे रबरी कडे) कडक होऊन खोबणीला चिकटली होती. इथे घाई करू नये. मी गंज सोडवणारे तेल थोडेसे सोडले, दहा मिनिटे थांबलो आणि सेन्सर डावीउजवीकडे थोडा थोडा पिळत राहिलो. पाचव्या प्रयत्नाला तो फिरला आणि बाहेर आला. त्याच्या टोकाला लोखंडाचा बारीक कीस मिशीसारखा उभा चिकटला होता. नंतर कळले की थोडा कीस असणे स्वाभाविक आहे, पण जास्त साठला तर संकेत कमजोर होतो. कधी कधी तो पुसून परत बसवल्यानेच काम भागते.

नवा सेन्सर घेताना मी मीटर घेऊनच दुकानात गेलो. मूळ कंपनीच्या पाकिटातला १,१०० रुपयांना होता आणि हुबेहूब तसाच दिसणारा ३५० ला. दोन्हींवरचा भाग क्रमांक जुन्याशी जुळत होता. काउंटरवरच मोजले, तर महाग सेन्सर ५६२ ओहम आणि स्वस्त सेन्सर ९०० च्या पुढे दाखवत होता. ९०० वर गाडी चालली नसती असे मी म्हणत नाही, पण घाटात आई मागे बसलेली असताना तो प्रयोग करण्याची माझी तयारी नव्हती.

भोक स्वच्छ कापडाने पुसले, नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचे बोट लावले आणि सेन्सर हातानेच पूर्ण आत दाबून बसवला. तो आत बसत नसेल, तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नये, कारण तसे केल्यास सेन्सरचा कान तुटतो. बोल्टचे पहिले चारपाच आटे बोटांनी फिरवले. तो ६ मिलिमीटरचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जातो. त्याला ८ ते १० न्यूटन-मीटर एवढाच आवळ पुरतो, म्हणजे छोटा पाना मनगटाने आवळावा इतकाच. सेन्सरखाली वायसर वगैरे काहीही घालू नये, कारण दातांपासूनचे अंतर त्याच्या बैठकीनेच ठरलेले असते. शेवटी तार पूर्वीच्याच क्लिपांमधून, सायलेन्सरच्या नळीपासून दूर घेतली. कपलरचा ‘टक्’ असा आवाज ऐकला, टर्मिनल जोडले, कोड पुसला आणि सेल्फ मारला.


कोरेगावचा_फिटर

वेण्णाकाठ साहेब, मी बावीस वर्षे गॅरेजचे काम करतो. तुम्ही केलेले काम चोख आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण आमची बाजूही इथे लिहिली जावी असे वाटते.

तापल्यावर बंद पडणारी गाडी आमच्याकडे येते, तेव्हा ती बहुतेक वेळा थंड होऊनच येते, आणि थंड गाडी काहीच दाखवत नाही. अशी गाडी दोन दिवस ठेवून, घाटात फिरवून, बंद पडेल त्या जागी मीटर लावून पाहावे लागते. त्या दोन दिवसांचे पैसे देण्यास गिऱ्हाईक तयार नसते. मात्र नवा पंप बसवला की त्याचे बिल देते, कारण वस्तू डोळ्यांना दिसते. तपासणीची मजुरी वेगळी सांगितली की लोक दुसऱ्या गॅरेजकडे जातात, हा माझा रोजचा अनुभव आहे. तुमच्या पंपाच्या बाबतीत चूक झालीच आहे, ती मी झाकत नाही. दाब नसला, तर पंपाच्या कपलरवर दिवा लावून सेल्फ मारताना वीज येते का, हे पाहिलेच पाहिजे होते. वीज येत नसेल, तर पंपाला दोष देता येत नाही.

घरी काम करणाऱ्यांना सावध करणारी एक घटनाही सांगतो. एका गृहस्थांनी चिकटलेला सेन्सर पक्कडीने ओढला. वरचा भाग हातात आला आणि टोक आतच राहिले. ते हातोडीने आत ढकलले गेले आणि फ्लायव्हीलच्या खोलीत पडले. पुढे गिअरबॉक्स उतरवावा लागला. सेन्सर फिरत नसेल, तर तिथेच थांबून गाडी आमच्याकडे आणावी. त्यात कमीपणा नाही. गाडी वॉरंटीत असेल, तर पान्याला हातच लावू नये.

काही गाड्यांत सेन्सर बदलल्यावर ईसीयूला नव्या सेन्सरची ओळख स्कॅनरने करून द्यावी लागते. ती केली नाही, तर गाडी चालते, पण चेक इंजिनचा दिवा लागून मिसिंगचा खोटा कोड येत राहतो. काही गाड्या ही ओळख चालता चालता आपोआप करून घेतात. गाडीच्या सेवापुस्तिकेत पाहून घ्यावे.


वेण्णाकाठ (सातारा)

फिटर दादा, तुमचे म्हणणे मला पटते. तपासणीचे पैसे वेगळे द्या, असे मला कोणी म्हटले असते, तर मार्चमध्ये मी दिले असते की नाही, याची मला खात्री नाही. आज देईन, आणि ज्या गॅरेजने पंप बदलला, त्यांना परवा जाऊन सेन्सरचा हा सगळा प्रकार दाखवूनही आलो. त्यांनी पुढच्या सर्व्हिसिंगची मजुरी घेणार नाही असे सांगितले.


शाहूपुरी_२०१५ (सातारा)

मीटरवाली ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे मोजले. पुरवठा ५.०२ व्होल्ट आला, अर्थिंग ठीक आहे, पण पुली फिरवताना संकेत ४.९ वरच अडकून आहे. कपलरच्या पिना स्वच्छ आहेत, आणि ईसीयूपर्यंतची संकेताची तार मीटरच्या बीपवर अखंड आहे. आता सेन्सर मागवावा का?

आणखी एक विचारायचे होते. घाटात गाडी बंद पडलीच, तर त्या क्षणी काय करावे? पुढच्या आठवड्यात पसरणीच्या घाटाने पाचगणीला जायचे आहे.


मीटरवाली_कराड

आता खुशाल मागवा. संकेताची तार इंजिनाच्या धातूला कुठे टेकलेली नाही ना, एवढे जाताजाता पाहा. आणि नवा सेन्सर बसेपर्यंत पसरणीला जाऊ नका.


कोरेगावचा_फिटर

शाहूपुरी, इंजिन बंद पडल्यावर ब्रेक लगेच जात नाही, पण बूस्टरमध्ये (ब्रेकला जोर देणाऱ्या भागात) दोनतीन वेळा दाबण्यापुरतीच ताकद शिल्लक असते. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच सलग दाबून धरावा. स्टिअरिंग जड होते, घाबरू नये. दोन्ही हातांनी जोर लावला की फिरते. चावी पूर्ण काढू नये, नाहीतर स्टिअरिंग लॉक होते. गाडी डोंगराच्या बाजूला घ्यावी, हॅण्डब्रेक ओढावा, गिअरमध्ये ठेवावी, चाकाला दगड लावावा आणि सगळ्यांना उतरवून कठड्याच्या किंवा डोंगराच्या बाजूला उभे करावे. लाल त्रिकोण वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्याला वेळेत दिसेल असा ठेवावा. खंबाटकीसारखा राष्ट्रीय महामार्ग असेल, तर १०३३ वर फोन करून मदत मागता येते. सेन्सरवरच संशय असेल आणि तो वरून हाताशी येत असेल, तर ओले फडके त्याच्यावर पाच मिनिटे ठेवल्यास गाडी पुन्हा सुरू होऊ शकते; मात्र तापलेल्या इंजिनावर बाटलीने पाणी ओतू नये. गाडी सुरू झाली, तरी पुढे न जाता घरीच परत यावे.


शाहूपुरी_२०१५ (सातारा)

सेन्सर बसवला. बोल्ट थोडा आडवा जात होता, म्हणून तीन वेळा काढून बोटांनी पुन्हा लावला. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. संकेताची तारही पाहिली. ती कुठेही टेकलेली नव्हती. जुन्या सेन्सरचे टोक एका बाजूला फुगलेले दिसते आहे.


वेण्णाकाठ (सातारा)

माझ्या गाडीचा पुढचा वृत्तांत. परवा भर दुपारी, मुद्दाम एसी लावून, यवतेश्वरच्या घाटातून कासच्या पठारापर्यंत जाऊन आलो. शेजारी बसून मुलगी स्कॅनरवर फेऱ्यांचा आकडा पाहत होती आणि तो एकदाही अडखळला नाही. परतताना आई सोबत होती. तिने घाट उतरेपर्यंत हातातली जपमाळ सोडली नाही, पण खाली आल्यावर पुढच्या रविवारी वाईला महागणपतीला जायचे ठरवून टाकले.

नव्या सेन्सरचा थंड असतानाचा आकडा, ५६२ ओहम, तारखेसह सेवापुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे. पुढे कधी शंका आली, तर तुलनेला तो उपयोगी पडेल.

मीटरवाली ताई, जुना सेन्सर मी फेकलेला नाही. तो ड्रायरखाली धरला की अजूनही दर वेळी ६४० च्या आसपास तुटतो. तुमच्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी उपयोग होणार असेल, तर शुक्रवारी एसटीच्या पार्सलने कराडला पाठवतो.


मीटरवाली_कराड

जरूर पाठवा. सोमवारी दुसऱ्या वर्षाचे प्रात्यक्षिक आहे. सेन्सर काय दोषाचा आहे, हे मी त्यांना आधी सांगणार नाही. मीटर आणि ड्रायर तेवढे टेबलावर ठेवीन.